१९९७ची शिकागो बुल्सची अंगठी, पण जॉर्डनची नको: सोलापुरात बसून कशी मिळवायची?

टाकेदोरा (अक्कलकोट रोड, सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मला शिकागो बुल्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाच्या १९९७च्या विजेतेपदाच्या अंगठीची प्रतिकृती घ्यायची आहे. स्वतःच्या बोटात घालायला. हे आधीच सांगते, कारण जिथे विचारलं तिथे "मिस्टरांना गिफ्ट का?" असंच ऐकलं. मिस्टरांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. माझा एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवायचा लहानसा कारखाना आहे. शाळेत असताना खेळायचे, जिल्ह्यापर्यंत मजल गेली, उंची पाच फूट एक इंच. एवढ्या उंचीच्या मुलीने बुल्सच्या मायकेल जॉर्डनवर जीव टाकून उपयोग नव्हता, म्हणून माझा खेळाडू त्याच संघातला स्टीव्ह केर. तोही सहा फूट तीन इंच आहे म्हणा, पण त्या ताडमाड लोकांत बुटकाच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत बास्केटबॉल, बेसबॉल, त्यांचं ते फुटबॉल, कुठलीही मोठी लीग जिंकली की करंडक क्लबच्या कपाटात जातो आणि खेळाडूच्या बोटात अंगठी येते. सोन्याची, हिरे जडवलेली, एका बाजूला त्याचं नाव आणि नंबर कोरलेली. मोठा खेळाडू कोण यावर तिकडे वाद सुरू झाला की "त्याच्या अंगठ्या किती?" इथेच येऊन थांबतो. जॉर्डनच्या सहा. केरच्या खेळाडू म्हणून पाच: बुल्सकडून १९९६, ९७ आणि ९८, नंतर सॅन अँटोनियो स्पर्सकडून १९९९ आणि २००३. शिवाय गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक म्हणून चार वेगळ्याच. बाकावर बसून निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाच्या नऊ!

९७चीच का, तर त्या एका शॉटसाठी. अंतिम मालिकेतला युटा जॅझविरुद्धचा सहावा सामना, १३ जून, शिकागो. बरोबरी ८६-८६. टाइमआउटमध्ये जॉर्डन केरला सांगतो, जॅझचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर धावून येईल, तयार राहा. केर म्हणतो, येऊ दे, मी टाकतो. हे संभाषण चक्क कॅमेऱ्यात आलंय. आणि झालंही तसंच. दोघे जॉर्डनवर तुटून पडले, त्याने चेंडू केरकडे दिला, पाच सेकंद उरलेले असताना केरने तो टाकला. ८८-८६. पुढे बुल्सच्याच कुकोचने चेंडू थेट रिंगमध्ये आदळून ९०-८६ केलं. नंतरच्या विजयसभेत केरने लोकांना ऐकवलं की जॉर्डनला शेवटचा शॉट घ्यायची धाकधूक वाटत होती, म्हणून शेवटी मलाच त्याला सांभाळून घ्यावं लागलं. जॉर्डन बाजूला बसून हसतोय. त्या भाषणासाठी तरी माणूस आवडावा.

आता अडचणी. ऑनलाइन ज्या प्रतिकृती दिसतात त्या झाडून साऱ्या 'जॉर्डन २३' नावाच्या. केरचा २५ नंबर घातलेली एक सापडली, पण विक्रेत्याने फोटो वेगवेगळ्या अंगठ्यांचे लावलेत. एका फोटोत अक्षरं जाड, दुसऱ्यात बारीक. कापडाच्या धंद्यात असे फोटो लावणाऱ्याला आम्ही ऑर्डर देत नाही.

दुसरं, माप. सगळ्या पुरुषी बोटाच्या. अमेरिकन आठपासून पुढे, कित्येक ठिकाणी तर ११ हा एकच नंबर. मला सहा लागतो. सराफाकडे कमी करून मिळते का?

तिसरं, बेंटेक्सचं काहीही घातलं की मला खाज सुटते. यांच्या जाहिरातीत 'प्रीमियम अलॉय, १८ कॅरेट प्लेटेड' लिहिलेलं असतं. त्या अलॉयमध्ये असतं काय?

आणि एक जे कुणाला सांगितलं तर हसतात. हायवेवर 'सोलापुरी चादर' म्हणून बाहेरगावचा माल विकतात, त्यावरून आमच्या घरात रोज तोंडसुख घेतलं जातं. सासऱ्यांचे स्वतःचे माग होते. चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे सोलापूरच्या नावाची सरकारी नोंदणी, मिळालंय, तरी नकली माल थांबत नाही. मी स्वतः मोठ्या क्लबांचे लोगो छापलेल्या जर्सीच्या ऑर्डरी परत पाठवते. आणि मीच आता बुल्सचा लोगो असलेली, कुठून आली त्याचा पत्ता नसलेली अंगठी घालून फिरू? हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुमचं मत सांगा, शिव्या घातल्या तरी चालतील.

---

कट्ट्यावरचा (सराफ कट्टा, सोलापूर)

ताई, नमस्कार. मी कारागीर आहे, दुकान माझं नाही. मनातल्या अडचणीचं दुसरे लोक सांगतील, मी धातूचं सांगतो.

असल्या अंगठ्या गिऱ्हाईक माझ्याकडे घेऊन येतात, लहान करून द्या म्हणून. मी हात लावत नाही. बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. तो ३८०-३९० अंशाला वितळतो. अंगठी लहान करायची म्हणजे कडं कापायचं, तुकडा काढायचा आणि झाळायचं, म्हणजे धातू वितळवून जोड द्यायचा. चांदीची झाळ पळायलाच ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. झाळ पळायच्या आधी अंगठीचाच गोळा होतो. आतून प्लास्टिकची पट्टी चिकटवून देणारे आहेत, पण ते काम नव्हे. त्यामुळे ११ नंबर घेऊन सहा करू हा विचार सोडा. पितळेची असली तर जमतं, पण वरचा मुलामा जाळासमोर काळा पडतो, परत चढवावा लागतो.

मापाचा हिशोब सांगून ठेवतो, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. आपल्याकडचा नंबर म्हणजे अंगठीच्या आतल्या घेराच्या मिलिमीटरमधून ४० वजा. तुमचा अमेरिकन सहा म्हणजे घेर साधारण ५२, म्हणजे आपला १२. अमेरिकन दहा म्हणजे ६२, आपला २२. पण हे पातळ कड्याचं माप झालं. या अंगठ्यांचं कडं रुंद, ते बोटाला जास्त धरतं, म्हणून एक नंबर वाढवून घ्यायचा. आणि माप दुपारनंतर द्या. थंडीत सकाळी बोट बारीक असतं, आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळी फुगतं.

खाजेचं म्हणाल तर, सोन्याचा मुलामा नावाला असतो. त्याच्याखाली चमक यावी म्हणून बऱ्याचदा निकेलचा थर देतात. वरचं सोनं झिजलं की निकेल कातडीला लागतं. ज्यांना बेंटेक्स सोसत नाही त्यांना बहुधा हेच सोसत नसतं. ९२५ चांदीत बाकीचं सहसा तांबं असतं, ती तुम्हाला चालेल असं वाटतं. तरी आधी चांदीचं साधं वळं आठ-दहा दिवस घालून बघा.

वजनाचा अंदाज देतो. बाजारातली जस्ताची अंगठी ४५ ग्रॅम धरा. तोच आकार चांदीत ओतला तर ७० ग्रॅमच्या आसपास जाईल, १४ कॅरेट सोन्यात ८५च्या पुढे. हातात घेतल्यावर खरी-खोटी कळते ती इथेच. पण ताई, ७० ग्रॅम चांदी बोटात घालून तुम्ही मशीनवर बसणार का? वरचं तोंड इंचभर रुंद असतं, शेजारच्या बोटावर चढतं. खडे बारीक नख्यांनी धरलेले असले तर टॉवेलच्या प्रत्येक फासात अडकणार.

करायचीच तर चांदीत नवीन करू. कॉम्प्युटरवर डिझाइन काढून घ्यायचं, त्याचं मेण छापून येतं, मग ओतकाम. ओतकाम इथे होतं, हुपरीलाही पाठवता येतं. खडे अमेरिकन डायमंड, भोवती पूर्ण काठ घेऊन बसवायचे म्हणजे अडकत नाहीत. कुणी म्हणेल विकतच्या अंगठीवरूनच रबराचा साचा काढा, स्वस्त पडेल. पडतं. पण साच्यावरून काढलेली नक्कल मुळापेक्षा थोडी आखडते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. ताई, तुम्ही फोटोतली अक्षरं बारीक-जाड दिसली म्हणालात ना, ती नकलेची नक्कल असणार.

---

बाळीवेसकर (सध्या शिकागोजवळ)

अरे वा, सोलापुरातून स्टीव्ह केर! मला वाटायचं बाळीवेशीत त्याला ओळखणारा मी एकटाच होतो.

मी अशा अंगठ्या जमवतो, त्यामुळे बाजू घेऊनच लिहितोय हे गृहीत धरा. 'प्रतिकृती' या एकाच नावाखाली तीन-चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि टाकेदोरांची पंचाईत तिथेच होते आहे.

एक म्हणजे क्लब स्वतः वाटतात त्या. विजेतेपदानंतरच्या मोसमात एखाद्या सामन्याला आधी येणाऱ्या काही हजार प्रेक्षकांना फुकट देतात. हलक्या असतात, बऱ्याचदा एकाच मापाच्या, पुष्कळदा प्रायोजकाचं नावही कुठेतरी असतं. पण परवानगीने बनलेल्या असतात. त्या मागाहून जुन्या बाजारात येतात.

दुसरा प्रकार सेल्समन सॅम्पल. जोस्टेन्ससारख्या अंगठ्या बनवणाऱ्या कंपन्या क्लबला दाखवायला नमुने करतात. खऱ्याच साच्यातले, पण खडे खोटे आणि धातू बहुधा हलका. जमवणाऱ्यांचा जीव याच्यावर, आणि किंमतही तशीच.

तिसरा प्रकार घरच्यांसाठी केलेल्या अंगठ्यांचा. हा मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने २०००च्या विजेतेपदानंतर स्वतःच्या अंगठीसारखीच एक वडिलांसाठी करून घेतली. ती २०२४मध्ये लिलावात नऊ लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे खेळाडूची स्वतःची नव्हेच, जोडीची! नकलेला किंमत नसते म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणि चौथा प्रकार तुम्ही ऑनलाइन बघितलात तो. कुणाची परवानगी नाही, लोगो मात्र जसाच्या तसा. अमेरिकेच्या कस्टमने असली पार्सलं कितीदा पकडली आहेत, पुष्कळशी चीन आणि हाँगकाँगहून आलेली. पकडण्याचं कारण असं की लोक यांतलीच एखादी 'ओरिजिनल' म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारतात.

माझ्याकडे चारही जातींच्या आहेत, हो, चौथ्याही. टेबलावर ठेवतो, पोरं येऊन घालून बघतात. मला त्यात पाप वाटत नाही. ती खरी आहे असं मी कुणाला सांगत नाही, विकतही नाही.

या अंगठ्यांत मला खेचतं ते त्यात लपवलेल्या खुणांमुळे. बेसबॉलमधले शिकागो कब्ज १०८ वर्षांनी जिंकले, तर २०१६च्या त्यांच्या अंगठीच्या तोंडाभोवती १०८ हिरे. अमेरिकन फुटबॉलमधले न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८-३ असे मागे पडून सुपर बोल, म्हणजे तिकडची फायनल, जिंकले, त्यांच्या अंगठीत २८३ हिरे. लेकर्सच्या २०२०च्या अंगठीचं वरचं झाकण निघतं आणि आत निवृत्त केलेल्या जर्सी दिसतात, कोबीचं टोपणनाव ब्लॅक मांबा, म्हणून त्याच्यासाठी सापाची नक्षी आहे. नकली अंगठीत हे सगळं उडतं. २८३च्या जागी बसतील तेवढे खडे, झाकण तर निघतच नाही. चौथ्या जातीवर माझा खरा राग यासाठी, कायदा वगैरे नंतर.

टाकेदोरा, मी दिवाळीला येतोय. क्लबने वाटलेली एखादी बुल्सची मिळाली तर आणू का? केरच्या नावाची मिळणार नाही आणि ९७चीच मिळेल असाही शब्द देत नाही. माझं ऐकाल तर ९६ची शोधू. ७२ विजय, १० पराभव. तसा मोसम त्याआधी कुणाचा झाला नव्हता.

---

लालमाती (करमाळा)

कुठं त्या अमेरिकेच्या अंगठ्या घेऊन बसलाय राव. आपल्याकडे चांदीची गदा असते. आमच्या तालुक्यातल्या बाला रफिक शेखने २०१८ला महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली तेव्हा बघायचं होतं. तिची छोटी प्रतिकृती आता प्रत्येक सत्काराला देतात, आमदारालाही देतात आणि सोसायटीच्या चेअरमनलाही. कुणी लंगोट लावला नसला तरी. त्याला कुणी नकली म्हणत नाही बघा.

आणि अंगठीच हवी तर आपल्या टीमची करा की. २०२४चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला म्हणून बीसीसीआयने २०२५च्या फेब्रुवारीत पोरांना हिऱ्यांच्या अंगठ्या दिल्या, मध्ये अशोकचक्र, बाजूला नाव-नंबर. १९८३ला बोर्डाकडे द्यायला पैसे नव्हते, लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला तेव्हा एकेकाला लाख रुपये मिळाले. कुठून कुठं आलो! नाहीतर पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, २२३, त्यांच्या नावाची करा. केर कोण हे आम्हाला कशाला माहीत असायला पाहिजे?

---

टाकेदोरा

लालमाती भाऊ, सत्काराच्या गदेचं मनापासून पटलं. आमच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्याकडे शोकेस भरून आहेत, एकदाही आखाड्यात न उतरता. उम्रीगरांबद्दल आदर आहे, पण आवड अशी गावाच्या हद्दीत बसवता येत नाही हो. मी केरचं एवढं का मनावर घेतलं ते सांगते. शाळेच्या संघात मी बदली खेळाडू होते. बाकावर बसून सामना बघणाऱ्याला एक सवय लागते: आत गेलो तर चेंडू कुठून येईल याचा विचार सतत चालू राहतो. केबलवर तो शॉट पाहिला तेव्हा मला जॉर्डनचा पास दिसलाच नाही, केरचे पाय दिसले. चेंडू यायच्या आधीच ते जागेवर होते.

कट्ट्यावरचे दादा, तुम्ही तर डोळेच उघडलेत. रुंद तोंड टॉवेलमध्ये अडकेल हे माझ्या ध्यानातच यायला हवं होतं असं नवऱ्याने ऐकवलं, त्याला म्हटलं तू गप्प बस. अंगठी रोज घालायची आहे, शोकेससाठी नको. मग तोंड अर्ध्या इंचाच्या आत बसवून, वजन २० ग्रॅमच्या आसपास ठेवून जमेल का?

बाळीवेसकर, तुमच्या चार जातींनी पुष्कळ गुंता सुटला. हायवेवरच्या चादरीचा मला राग येतो तो ती सोलापुरी म्हणून विकतात म्हणून. चादर म्हणून विकली असती तर कुणाला काही म्हणायचं नव्हतं. पण तुम्ही चौथ्या जातीची टेबलावर ठेवता ते काही मला पटत नाही. तुम्ही कुणाला फसवत नाही, मान्य. विकणाऱ्याचा धंदा तर चालू राहिला ना? माझ्याकडे लोगोची जर्सी शिवून मागणारे पोरगेही "आम्ही गल्लीतच घालणार" असंच म्हणतात.

९६ नको. ७२-१० जॉर्डनचं आणि सगळ्या संघाचं.

---

सात रस्ता

वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

टाकेदोरा, बाहेरून पार्सल मागवायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. विक्रेते म्हणतात, "गिफ्ट लिहून पाठवतो, ड्यूटी लागणार नाही." २०१९च्या डिसेंबरपासून टपालाने किंवा कुरिअरने ड्यूटी न भरता भेट म्हणून माल आणायला आपल्याकडे बंदीच घातली, सूट फक्त जीवरक्षक औषधं आणि राखीला. (राखीला सूट ठेवणारा अधिकारी कोण असेल, त्याला माझा नमस्कार.) त्यामुळे गिफ्ट लिहिलेलं पार्सल सुटायच्या ऐवजी अडकायचीच शक्यता जास्त. सरळ खरेदी म्हणून आणलं तर ड्यूटी, आयजीएसटी आणि कुरिअरवाल्याचे वरचे पैसे. आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं तर पैसे परत मागायला तुम्ही कुठे जाणार?

बाळीवेसकरांनी स्वतः वापरायची म्हणून सामानातून एक अंगठी आणली तर एवढी भानगड नाही, फक्त ती परवानगीची असू दे.

लालमाती, तुमच्या सूचनेतली मेख अशी की अशोकचक्राचं चित्र धंद्यासाठी वापरायला १९५०च्या बोधचिन्ह कायद्याने मनाई आहे. एखाद्या सराफाने तशा अंगठ्या करून विकायला काढल्या तर अडचणीत येईल. बुल्सच्या लोगोचंही तेच, तिथे फक्त मालक वेगळा आणि कायदा ट्रेडमार्कचा. कट्ट्यावरच्या दादांना एका अंगठीसाठी कुणी शिकागोहून नोटीस पाठवणार नाही, पण दुकानाच्या पाटीखाली ते काम करायचं की नाही हे मालकाला विचारून ठरवा. साल, आकडे आणि स्वतःचं नाव यांना मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

---

कट्ट्यावरचा

वकीलसाहेब बरोबर बोलले. आमचे शेठ लोगोचं काम घेत नाहीत. मागे एका पोराने क्रिकेटच्या टीमचं चिन्ह पेंडंटवर करून मागितलं होतं, त्यालाही नाहीच म्हणाले.

ताई, २० ग्रॅममध्ये होईल. तोंड ११-१२ मिलिमीटर घेऊ, आतून पोकळ करू म्हणजे वजन कमी होईल आणि बोटाला हवाही लागेल. खडे कमी, जेवढे लागतात तेवढेच. अक्षरं कोरून खळग्यात काळं राहू देऊ, वर पॉलिश, त्याने लांबून वाचता येतात. सोन्याचा मुलामा देऊ नका, रोजच्या वापराला वर्षभरात उडतो आणि तुम्हाला परत यावं लागतं. लाल रंग हवा असेल तर खरा मीना भट्टीत भाजावा लागतो, खडे बसवायच्या आधी. आजकाल रेझिन भरून देतात, ते स्वस्त, पण गरम पाण्याने आणि साबणाने मंद होतं. तुम्ही ठरवा.

आता लोगो नाही म्हटल्यावर वर काय घालायचं ते कागदावर काढून आणा.

---

टाकेदोरा

काढलंय. घरात सगळे झोपल्यावर पॅटर्नच्या कागदावर बसून काढलं.

वर गोल, चेंडूच्या शिवणी जशा असतात तशा चार रेषा कोरलेल्या. मधोमध ८८-८६. एका बाजूला २५, दुसऱ्या बाजूला १९९७. खडे फक्त पाच, एका ओळीत, पाच सेकंदांचे. बैल नाही, शिकागोचं नाव नाही, जॉर्डनही नाही. मीना लाल, भाजलेला. पैसे जास्त गेले तरी चालतील, ऑनलाइनवाल्याला देणार होते ते वाचलेच आहेत.

---

बाळीवेसकर

अहो, पण निकाल ९०-८६ आहे! अंगठीवर नेहमी शेवटचा स्कोअर असतो. कुणी जाणकाराने बघितलं तर चूक काढेल. आणि खरं सांगू का, ही आता प्रतिकृती राहिलीच नाही. तुम्ही विचारलं होतं एक आणि करताय भलतंच. मी जमवणारा माणूस, मला यात हळहळ वाटते. असली वस्तू माझ्या टेबलावर इतरांच्या रांगेत बसणार नाही.

---

टाकेदोरा

तुमच्या टेबलावर बसवायची नाहीच आहे. ९०-८६ कुकोचचा, त्याच्या चाहत्याने करून घ्यावा. ८८-८६ होता तेव्हा चेंडू केरच्या हातून सुटलेला होता, मला तेवढंच हवंय. जाणकाराने चूक काढली तर बरंच की, त्याला अख्खी गोष्ट सांगता येईल. सोलापुरात असा जाणकार अजून एक निघाला तर मीच त्याला चहा पाजीन.

दिवाळीला आलात की तुमची सॅम्पलवाली मात्र बघायला आणा. मी घालून बघणार, ११ नंबर असली तरी.

---

कट्ट्यावरचा

ताई, कागद मिळाला, डिझाइनवाल्याकडे दिला. तो विचारतोय आकडे मराठी घ्यायचे का इंग्रजी. मराठी ८ ला कोरायला जागा कमी लागते, पण ६ ची शेपटी १२ मिलिमीटरच्या तोंडात बारीक येते, ती जरा जाड धरावी लागेल. आणि माप परत एकदा देऊन जा, तुम्ही फोनवर सांगितलं ते उजव्या हाताचं होतं का डाव्या?

---

टाकेदोरा

मराठी. शेपटी जाड चालेल.

डाव्या हाताचं आहे. उजव्या हातात कात्री असते. गुरुवारी दुपारनंतर येते, ॲडव्हान्स किती आणू तेवढं सांगा.